इथेनॉलच्या साखळीतील पहिली कडी

२०२५ च्या ऑगस्टमध्ये देशभरातील वाहनधारकांमध्ये पेट्रोलविषयी मोठा वाद पेटला. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनी इंजिने खराब होतात का, लिटरमागे गाडी किती कमी धावते, मिश्रित इंधन स्वस्त का मिळत नाही, हे प्रश्न समाजमाध्यमांपासून वृत्तवाहिन्यांपर्यंत सर्वत्र विचारले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १ सप्टेंबर रोजी ती जनहित याचिका फेटाळली गेली. वाहनधारकांची तक्रार अगदीच निराधार होती असे नाही. साध्या पेट्रोलसाठी तयार झालेल्या आणि दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकी गाड्यांची इंधनक्षमता वीस टक्के मिश्रणावर सहा ते सात टक्क्यांनी घटते, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच नमूद आहे. तरीही हा सारा वाद पेट्रोल पंपापाशी सुरू झाला आणि पंपापाशीच संपला. त्या टाकीत येणारे वीस टक्के इंधन ज्या शेतातून येते, तिकडे फारसे कोणी पाहिले नाही.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये उत्तर कर्नाटकातील हावेरी आणि गदग जिल्ह्यांतील मका उत्पादक रस्त्यावर उतरले. केंद्राने जाहीर केलेला हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये होता, तर बाजारात १,६०० ते १,८०० रुपयांवर बोळवण होत होती. मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून हस्तक्षेपाची मागणी केली. मका हेच आज देशातील इथेनॉलचे सर्वांत मोठे कच्चे धान्य आहे. ज्या इंधनाची मागणी सरकारने कायद्याने आणि आदेशाने निर्माण केली, ज्याची किंमत सरकार ठरवते आणि ज्याचा ग्राहक सरकारी तेल कंपन्या आहेत, त्या इंधनाचे पीक मात्र हमीभावाखाली सहाशे-आठशे रुपयांनी विकले जात होते. हे का घडले आणि ते टाळता येण्यासारखे होते का, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रथम या कार्यक्रमाचे श्रेय त्याला दिले पाहिजे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याची योजना जानेवारी २००३ मध्ये काही राज्यांत पाच टक्क्यांच्या उद्दिष्टाने सुरू झाली आणि दहा वर्षे रखडत चालली. २०१३-१४ मध्ये मिश्रणाचे प्रमाण जेमतेम दीड टक्का होते. दहा टक्क्यांचा टप्पा जून २०२२ मध्ये, ठरलेल्या मुदतीच्या पाच महिने आधी गाठला गेला. वीस टक्क्यांचे उद्दिष्ट २०१८ च्या जैवइंधन धोरणात २०३० साठी होते, ते पुढे अलीकडे आणले गेले आणि २०२५ मध्ये पूर्णही झाले. सरकारी आकडेवारीनुसार २०१४-१५ पासून जुलै २०२५ पर्यंत यातून १ लाख ४४ हजार कोटी रुपयांहून अधिक परकीय चलन वाचले. उत्तर प्रदेश, महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांना साखरेखेरीज रोख उत्पन्नाचा दुसरा मार्ग मिळाला आणि उसाची देणी चुकती करण्याची त्यांची क्षमता वाढली. आपल्या देशात मोठी सरकारी उद्दिष्टे वेळेआधी पूर्ण होण्याची उदाहरणे मोजकीच आहेत. त्यांत हे एक आहे.

परंतु या यशाच्या शेवटच्या टप्प्यात एक मोठा बदल झाला आणि त्याची सार्वजनिक चर्चा फारशी झाली नाही. आरंभी इथेनॉल म्हणजे ऊस, अधिक नेमके सांगायचे तर साखर तयार झाल्यावर उरणारी मळी, असेच समीकरण होते. आता ते राहिलेले नाही. २०२३ च्या कमी पावसानंतर साखरेचे उत्पादन घटण्याची भीती निर्माण झाली आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास बंदी घातली. आठवडाभरात ती काहीशी शिथिल करून १७ लाख टन साखरेइतकी मर्यादा घालण्यात आली. त्याआधी जुलैमध्येच अन्न महामंडळाने आसवनींना तांदूळ देणे थांबवले होते. उद्दिष्ट मात्र कायम होते. तेव्हा उरला तो मका. जानेवारी २०२४ मध्ये तेल कंपन्यांनी मक्यापासूनच्या इथेनॉलची किंमत लिटरला ६६ रुपये ७ पैशांवरून ७१ रुपये ८६ पैशांवर नेली. उसापासूनच्या कोणत्याही इथेनॉलपेक्षा ही किंमत अधिक होती. शेतकऱ्यांना हा संकेत कळला. २०२४ मध्ये अनेक बाजारांत मक्याचा भाव हमीभावाच्या वर राहिला. २०२३-२४ मध्ये सुमारे ३७७ लाख टन असलेले उत्पादन पुढच्या वर्षी ४२० लाख टनांच्या पुढे गेले. २०२५ च्या खरिपात मक्याखालील क्षेत्र सुमारे ८४ लाख हेक्टरवरून ९४ लाख हेक्टरच्या वर पोहोचले. याच काळात कोंबड्यांच्या खाद्यासाठी मका अपुरा पडू लागला आणि वर्षानुवर्षे मका निर्यात करणारा आपला देश तो आयात करू लागला.

आणि मग धोरण पुन्हा फिरले. अन्न महामंडळाची गोदामे तांदळाने ओसंडून वाहू लागली, तेव्हा तो तांदूळ आसवनींना देण्याचे ठरले. २०२४-२५ या इथेनॉल वर्षासाठी त्याचे एकूण प्रमाण ५२ लाख टनांपर्यंत नेण्यात आले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा दर क्विंटलला २,८०० रुपयांवरून २,२५० रुपयांवर उतरवला गेला. त्या वर्षी धानाचा, म्हणजे न भरडलेल्या भाताचा, हमीभाव २,३०० रुपये होता. म्हणजे सरकारने भरडून, साठवून, व्याज भरून सांभाळलेला तांदूळ सरकारनेच घेतलेल्या धानापेक्षा स्वस्त दराने आसवनींच्या दारात पोहोचत होता. एका टन तांदळापासून सुमारे ४५० लिटर इथेनॉल मिळते आणि मक्यापासून सुमारे ३८० लिटर. कोणता कारखानदार मग बाजारात जाऊन हमीभावाने मका विकत घेईल? मक्याचा भाव कोसळण्याचे हे एकमेव कारण नव्हते. पीक विक्रमी होते आणि दाण्यांत ओलावाही अधिक होता. पण दोन वर्षांपूर्वी ज्या दाराकडे बोट दाखवून शेतकऱ्याला मका लावायला सांगितले, ते दार त्याची कणसे तयार होईपर्यंत अर्धे लोटून घेतले गेले, हे नाकारता येणार नाही.

येथे थोडे अंकगणित मांडतो. एका क्विंटल मक्यापासून सुमारे ३८ लिटर इथेनॉल होते. ७१ रुपये ८६ पैसे या दराने त्याचे सुमारे २,७३० रुपये होतात. शिवाय स्टार्च निघून गेल्यावर उरणारा प्रथिनयुक्त चोथा, ज्याला व्यापारात डीडीजीएस म्हणतात, पशुखाद्य म्हणून वेगळा विकला जातो. मका २,४०० रुपयांनी घेतला तर आसवनीच्या हाती इंधनातून क्विंटलमागे ३३० रुपयांच्या आसपास आणि वर चोथ्याचे पैसे राहतात. त्यातून तिला वीज, वाफ, मजुरी आणि कर्जाचे हप्ते भागवावे लागतात. हे गणित ओढाताणीचे आहे, हे मी मान्य करतो. पण मका १,७०० रुपयांनी मिळाला तर हीच शिल्लक हजार रुपयांच्या वर जाते. इथेनॉलचा दर मात्र तोच राहतो. तेल कंपनी, पर्यायाने पेट्रोल भरणारा ग्राहक, पूर्वीइतकेच पैसे मोजतो. फरक पडतो तो एवढाच, की त्या पैशांतले क्विंटलमागे सातशे रुपये शेतापर्यंत न पोहोचता वाटेत थांबतात.

इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला येथे १९३० चे दशक आठवते. जागतिक मंदीत साखरेचे भाव कोसळले असताना, टॅरिफ बोर्डाच्या शिफारशीवरून १९३२ मध्ये भारतीय साखर उद्योगाला आयातशुल्काचे संरक्षण मिळाले. त्यावेळी देशात तीसेक आधुनिक साखर कारखाने होते. चार-पाच वर्षांत त्यांची संख्या सव्वाशेच्या पुढे गेली आणि त्यातले बहुसंख्य संयुक्त प्रांत आणि बिहारमध्ये उभे राहिले. सरकारच्या एका निर्णयातून अक्षरशः एक उद्योग जन्मला. लवकरच दिसून आले, की संरक्षणाचा लाभ कारखान्याच्या फाटकाशी अडतो आहे. ऊस तोडल्यावर दोन दिवसही थांबू शकत नाही आणि जवळ दुसरा ग्राहक नाही, अशा शेतकऱ्याला कारखाना देईल तो भाव घ्यावा लागे. म्हणून अवघ्या दोन वर्षांत, १९३४ मध्ये, प्रांतिक सरकारांना उसाचा किमान भाव ठरवण्याचा अधिकार देणारा कायदा केंद्रीय विधिमंडळाने केला. १९३७ मध्ये संयुक्त प्रांत आणि बिहार यांनी कारखान्यांना परवाने, प्रत्येकासाठी राखीव ऊसक्षेत्र आणि ऊस उत्पादकांच्या सहकारी संस्था यांची चौकट बांधली. इंधनातील अल्कोहोलची कल्पनाही त्याच काळातली आहे. नव्या कारखान्यांतील मळीचे करायचे काय, या प्रश्नातून संयुक्त प्रांताने १९४० मध्ये पॉवर अल्कोहोलचा कायदा केला आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये केंद्रानेही केला.

परक्या राजवटीतील त्या अधिकाऱ्यांना शेतकऱ्याविषयी विशेष ममता होती असे मला म्हणायचे नाही. त्यांनी एक व्यावहारिक तत्त्व ओळखले होते. ज्या उद्योगाला राज्यसंस्था बाजारापासून संरक्षण देते, त्या उद्योगाला कच्चा माल देणाऱ्यालाही ते संरक्षण मिळाले पाहिजे. अन्यथा सार्वजनिक पैशाने खासगी नफा तेवढा वाढतो. स्वतंत्र भारताने हे तत्त्व पुढे नेले. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाल्यास पंधरा टक्के व्याज द्यावे लागते आणि थकबाकी जमीन महसुलाप्रमाणे वसूल करता येते.

माझ्या सेवेतील बरीच वर्षे उत्तर बिहारमध्ये गेली. तेथील ऊस उत्पादक कार्यालयात येई तेव्हा त्याच्या हातात 'पुर्जी' असे. पुर्जी म्हणजे ऊस पुरवठ्यासाठी कारखान्याने दिलेली चिठ्ठी. तिच्यावर वजन, तारीख आणि नाव असे. त्या कागदाच्या आधारे आम्ही कारखान्याला नोटीस काढू शकत होतो, साखरेच्या गोदामाला टाळे लावू शकत होतो. पैसे नेहमीच वेळेवर मिळत असे नाही, पण त्याचा हक्क वादातीत होता. मका उत्पादकही भेटायला येत. त्यांच्याजवळ काही नसे. माल कोणाला विकला, कोणत्या भावाने, किती कटती कापली गेली, याची एक ओळही कुठे लिहिलेली नसे. त्यांची व्यथा ऐकून घेण्यापलीकडे कायद्याने आमच्या हाती काही ठेवलेले नव्हते.

ते चित्र आज पालटायला हवे होते. इथेनॉलसाठी स्वतंत्र धोरण करणारे बिहार हे पहिले राज्य ठरले, तेही २०२१ मध्ये. एप्रिल २०२२ मध्ये पूर्णिया जिल्ह्यात धान्यावर चालणारा मोठा प्रकल्प सुरू झाला. पूर्णियाचा गुलाबबाग बाजार हे देशातील मक्याच्या व्यापाराचे मोठे केंद्र आहे आणि कोसी-सीमांचल भागातील रब्बी मक्याचे उत्पादन उत्तम असते. पण बिहारने बाजार समित्यांचा कायदा २००६ मध्येच रद्द केला. मक्याची कापणी उन्हाळ्यात होते, पाठोपाठ पाऊस येतो, साठवणुकीची सोय नसते आणि मग व्यापारी सांगेल तो भाव स्वीकारावा लागतो. तीस-चाळीस किलोमीटरवर आसवनी उभी आहे, तिला सरकारने हमीची किंमत दिली आहे, आणि तरीही शेतकऱ्याचा तिच्याशी थेट संबंध नाही.

याचा अर्थ आसवनीचालक सुखात आहेत असा नाही. २०२५-२६ साठी तेल कंपन्यांनी सुमारे १,०५० कोटी लिटर इथेनॉल मागवले, तेव्हा उत्पादकांकडून १,७७६ कोटी लिटरचे देकार आले. त्यातून वाटप झाले १,०४८ कोटी लिटरचे. त्यात मक्याचा वाटा जवळपास ४६ टक्के, अन्न महामंडळाच्या तांदळाचा २२ टक्के आणि उसाच्या सर्व प्रकारांचा मिळून २८ टक्क्यांच्या आत राहिला. व्याजसवलतीच्या कर्जांवर उभी राहिलेली क्षमता मागणीच्या कितीतरी पुढे गेली आहे. अशा स्थितीत प्रत्येक आसवनी खर्च कमी करण्याचा मार्ग शोधणार, आणि तिच्या खर्चाचा सर्वांत मोठा भाग धान्याचा असल्याने तो दाब शेवटी शेतावरच येणार. सोयाबीन उत्पादकांनाही याची झळ लागली आहे. आसवनींतून निघणारा चोथा खाद्य म्हणून स्वस्तात मिळू लागला, तशी सोयाबीन पेंडीची मागणी मंदावली आणि मध्य प्रदेशापासून मराठवाडा-विदर्भापर्यंत २०२४ मध्ये सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखाली विकले गेले.

गावाला गृहीत धरण्याची ही पद्धत भावापुरती मर्यादित नाही. जून २०२१ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने, सांडपाणी बाहेर न सोडण्याच्या अटीवर, केवळ पेट्रोलमिश्रणासाठी इथेनॉल बनवणारे धान्याधारित प्रकल्प जनसुनावणीची आवश्यकता नसलेल्या प्रवर्गात टाकले. उद्देश परवानग्या लवकर देण्याचा होता. परिणाम काय झाला? पंजाबमधील झिरा येथे भूजल दूषित झाल्याच्या तक्रारीवरून जुलै २०२२ पासून महिनोन्‌महिने धरणे चालले आणि जानेवारी २०२३ मध्ये मुख्यमंत्र्यांना प्रकल्प बंद करण्याची घोषणा करावी लागली. तेलंगणातील निर्मल जिल्ह्यात दिलावरपूर येथे नोव्हेंबर २०२४ मध्ये गावकऱ्यांनी महामार्ग रोखला. राजस्थानातील हनुमानगड जिल्ह्यात टिब्बी येथे डिसेंबर २०२५ मध्ये विरोधाला हिंसक वळण लागले. या प्रत्येक ठिकाणची वस्तुस्थिती निराळी असेल. मी जिल्ह्यात असताना अनेक जनसुनावण्यांचे अध्यक्षपद सांभाळले आहे. त्या गोंगाटाच्या असतात, लांबतात, आणि अधिकाऱ्यांना नकोशा वाटतात. पण लोक जे मंडपात बोलू शकत नाहीत ते पुढे रस्त्यावर बोलतात, आणि तेव्हा ऐकून घेणे फार महाग पडते.

यावर उपाय अवघड नाहीत. पहिला उपाय १९३४ मधलाच आहे. मक्यापासूनच्या इथेनॉलला सरकारने ठरवलेला दर देताना, संबंधित आसवनीने तो मका हमीभावाने किंवा त्याहून अधिक भावाने घेतल्याचा पुरावा तेल कंपनीने मागावा. पुरावा नसेल तेथे दर त्या प्रमाणात कमी करावा. दुसरा उपाय म्हणजे, इथेनॉलसाठी किती तांदूळ द्यायचा आणि कोणत्या दराने, हे खरिपाच्या पेरणीपूर्वी जाहीर करून वर्षभर पाळावे. उसाच्या रसावरील मर्यादेलाही हाच नियम असावा. दुष्काळासारख्या प्रसंगी सरकारला हात मोकळा लागेल हे खरे, पण मग तो कोणत्या परिस्थितीत वापरला जाईल, हेही आधीच लिहून ठेवता येते. तिसरा उपाय म्हणजे प्रत्येक आसवनीसाठी, पाण्याच्या हिशेबासह, जनसुनावणी अनिवार्य करावी. एक लिटर इथेनॉलमागे उसाला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असे नीती आयोगाच्याच आराखड्यात म्हटले आहे. हा हिशेब जिल्ह्याच्या पातळीवर झाला पाहिजे, कारण पाणी जिल्ह्यातलेच आटते.

मका म्हणजे ऊस नव्हे, तो दहा हातांतून फिरत आसवनीत पोहोचतो, तेव्हा शेतकऱ्याला मिळालेला भाव शोधायचा कसा, असा आक्षेप घेतला जाईल. आक्षेप रास्त आहे आणि उत्तरही आहे. बिहारसारख्या राज्यात गावोगावच्या प्राथमिक कृषी पतसंस्था धान खरेदी करतातच. नाफेड आणि एनसीसीएफ यांनी हमीभावाने मका घेऊन तो आसवनींना द्यावा, अशी योजना केंद्राने २०२४ च्या आरंभी जाहीरही केली होती. तेव्हा बाजारभाव चढे असल्याने तिची गरज भासली नाही. भाव पडतात तेव्हाच अशी योजना कामाला यायची असते. राज्यांनीही केंद्राकडे बोट दाखवून थांबण्याचे कारण नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय घटनापीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने औद्योगिक अल्कोहोलच्या नियमनाचा राज्यांचा अधिकार मान्य केला आहे. तो अधिकार महसुलासाठी वापरायचा की शेतकऱ्याच्या पावतीसाठी, हा निर्णय राज्यांच्या हातात आहे.

आता वीस टक्क्यांच्या पुढे जाण्याची चर्चा सुरू आहे. उद्दिष्ट सत्तावीस असो वा तीस, ते जाहीर करण्यापूर्वी सरकारने एक आकडा प्रसिद्ध करावा. गेल्या हंगामात आसवनींनी घेतलेल्या मक्यापैकी किती मका उत्पादकाकडून हमीभावाने खरेदी झाला? हा आकडा आज कोणाला मागितला जात नाही, म्हणून कोणी ठेवतही नाही. तो ठेवणे बंधनकारक झाले, की हावेरीच्या आणि पूर्णियाच्या शेतकऱ्याच्या हातीही एक पुर्जी येईल, आणि तिच्या आधारे त्याला आपले पैसे मागता येतील.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी असून, लेखातील मते वैयक्तिक आहेत.)